बोगदा आला की तू धर

२००९ च्या जूनमध्ये मला मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्सला नोकरी लागली आणि डोंबिवली ते सीएसटी असा रोजचा प्रवास सुरू झाला. बदलापूरहून सुटणारी फास्ट लोकल. ज्यांनी ती पकडलीये त्यांना सांगायला नको, डोंबिवलीला येते तेव्हा ती आधीच भरून आलेली असते आणि लेडीज डब्यात आपण चढत नाही, मागच्या बायका आपल्याला चढवतात. पहिले आठ दिवस माझे दाराजवळचा दांडा धरून गेले, आत काय चाललंय ते दिसायचंच नाही, फक्त बायकांच्या पलीकडून कुठूनतरी टाळ ऐकू यायचे आणि मला वाटायचं कोणीतरी मोबाईलवर लावलंय.

मग हळूहळू आत सरकायला शिकले. बसलेल्या बाईला नुसतं "कुठे?" असं विचारायचं, ती "घाटकोपर" म्हणाली की घाटकोपरनंतर ती सीट आपली, तोपर्यंत तिच्या समोर उभं राहायचं. माझी घाटकोपरवाली जिथे बसायची त्याच्या बाजूच्याच समोरासमोरच्या दोन बाकांवर भजनी मंडळ होतं. आठ-दहा बायका, सगळ्या नोकरीवाल्या, मांडीवर डब्याच्या पिशव्या, एकीच्या हातात निवडायची मेथी, आणि चार-पाच जोड टाळ. खिडकीत बदलापूरच्या काकू. खरी नावं सगळ्यांची होतीच पण डब्यात जी ती आपल्या स्टेशनच्या नावाने ओळखली जायची, बदलापूरच्या काकू, अंबरनाथची ताई, उल्हासनगरची भाभी, आणि पुढे मी डोंबिवली. चालींनासुद्धा तशीच नावं, म्हणजे एकच अभंग दोन चालींत माहीत असला तर "आज अंबरनाथची घेऊ" असं म्हणायच्या.

काकूंकडे एक कापडी पिशवी होती, त्यात टाळ जुन्या नऊवारीच्या तुकड्यांत वेगवेगळे गुंडाळलेले, का तर बदलापूरला चढताना आपटून आवाज करू नयेत, तिथे आधीपासून झोपलेल्या बायका असतात. सुरुवात ठरलेली, विठ्ठलवाडी स्टेशन आलं की रामकृष्णहरीचा जप. विठ्ठलवाडीच्या आधी एक टाळ वाजणार नाही. मग कल्याणला विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, मग डोंबिवलीपर्यंत एक-दोन अभंग, पुढे गौळण, कुर्ला गेलं की भैरवी आणि दादरच्या आत टाळ परत फडक्यात, कारण दादरला वरच्या रॅकवरच्या बॅगा उतरतात आणि कुणाचं डोकं मध्ये नको. आणि दिव्यानंतर ठाण्याच्या आधी पारसिकचा बोगदा लागायचा, तिथे नामाचा गजर.

ज्यांनी तो बोगदा लोकलमधून केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९१६ चा बोगदा, साधारण १.३ किलोमीटर लांब, आणि आमच्या सगळ्या फास्ट गाड्या त्यातूनच जायच्या, स्लो मुंब्रा-कळव्याकडून. गाडी आत शिरली की दारं उघडी असल्यामुळे सगळा आवाज भिंतींवर आपटून डब्यात परत यायचा, दिवे लागलेले असले तरी अंधार वाटायचा, शेजारी बोललेलं कळायचं नाही, फोनवर बोलणाऱ्या बायका "हॅलो, बोगदा, थांब" म्हणून फोन कानापासून लांब धरायच्या. सव्वा-दीड मिनिट. काकूंनी गजर तिथे ठेवला होता त्याचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं, त्या आवाजाशी भांडून उपयोग नाही, त्याच्याबरोबर वाजवायचं.

मी आधी नुसती ऐकत होते. मग एक दिवस अंबरनाथच्या ताईने तिची लहान ढोलकी नीट धरता यावी म्हणून स्वतःचे टाळ माझ्या हातात दिले, "धर जरा". मी वाजवले आणि टाळ वाजलेच नाहीत, म्हणजे थप् थप् असा पत्र्यावर मारल्यासारखा आवाज. काकूंनी माझ्या हातातला टाळ नुसता दोरीपाशी धरून दाखवला. टाळ काशाचा, तळवा टेकला की तो मुका होतो, त्याला दोरीवर लोंबकळू द्यायचा आणि डावा स्थिर ठेवून उजव्याची कड त्याच्यावर टेकवायची, आपटायची नाही. हे सांगायला दोन वाक्यं लागतात आणि हातात यायला मला पाऊस संपेपर्यंतचा वेळ लागला. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो बोटांवर मोजत मोजत मी फोर्टात रस्ता क्रॉस करायचे.

वही हा दुसरा भाग. सगळ्यांकडे वह्या होत्या, हाताने उतरवलेल्या, आणि नवीन बाईला कोणी छापील पुस्तक द्यायचं नाही, वही द्यायच्या, घरी ने आणि उतरवून आण. मी काकूंची वही नेली तेव्हा कळलं की त्यांनी प्रत्येक अभंगाच्या वर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, आई, श्रावण. किंवा, माहेरचे शेजारी. किंवा, रेडिओ. म्हणजे तो अभंग कुणाकडून आला ते. संताचं नाव तर अभंगात असतंच, नामयाची जनी असेल नाहीतर तुका म्हणे असेल, पण तो आपल्यापर्यंत कुणाच्या तोंडून आला हे कुठेच लिहिलेलं नसतं. भाभी सिंधी, मराठी बोलायची पण लिहायची सवय नव्हती, तिच्या वहीत अभंग तिच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरवलेले होते आणि गाताना एक अक्षर चुकायचं नाही.

आता माझ्या आजीचं. आमचं गाव देवरुखच्या बाजूला. मी लहानपणी मे महिन्यात जायचे तेव्हा घरात मिक्सर होता, गावात गिरणी होती, तरी नाचणी ती जात्यावरच दळायची, पहाटे, आणि जनाबाईंचा तो दळणाचा अभंग म्हणायची. रेडिओवर, कॅसेटवर त्याची जी चाल ऐकू येते ती तिची नव्हतीच, तिची वेगळी, जरा खालच्या स्वरात, आणि ओळीच्या मध्येच ती थांबायची. मी गोधडीत पडून ती परत सुरू करायची वाट बघायचे. २००५ ला ती गेली आणि ती चाल मी त्यानंतर कधी म्हटली नव्हती, कुणाजवळ म्हणणार, घरात तशी वेळच येत नाही.

मंडळात तो अभंग होता, नेहमीच्या चालीत. मी मागून झेलायचे, म्हणजे मुख्य बाईने ओळ म्हटली की बाकीच्यांनी उचलायची, त्यात. पण तो अभंग आला की माझा गळा आपोआप आजीच्या चालीत जायला बघायचा आणि मी गप्प बसायचे. नोव्हेंबरात एकदा गाडी दिव्याला बराच वेळ थांबली, सगळं पुढेमागे झालं आणि जनाबाई चालू असतानाच बोगदा आला. आवाज सुरू झाला. मला वाटलं आता कोणाला काय ऐकू येणार, आणि मी म्हटलं, आजीच्या चालीत, मोठ्याने, डोळे मिटून, मध्ये थांबून परत सुरू करत. बोगदा संपला आणि माझी ओळ संपली नव्हती. उजेडात आले तेव्हा बाकी सगळ्या थांबल्या होत्या आणि मी एकटीच म्हणत होते.

काकू म्हणाल्या, "परत म्हण."

मग पुढचे काही दिवस त्या चालीवरच गेले. काकूंना ती सगळ्यांच्या गळ्यात बसवायची होती, पण अंबरनाथच्या ताईची अडचण खरी होती, ती म्हणाली की मध्ये तू थांबतेस ते कधी तीन मात्रा थांबतेस, कधी पाच, मी ढोलकी कुठे नेऊ. तिने तो थांबा काढून टाकला, दोन्ही अर्ध्या ओळी जोडल्या आणि चाल सरळ आठ मात्रांत बसली, सगळ्यांना लगेच जमली, छान वाटायला लागली. मी काही बोलले नाही. नवीन होते, आणि त्या एवढ्या प्रेमाने माझी चाल घेत होत्या. पण आठवडाभर मला ती म्हणताना छातीत अडकल्यासारखं व्हायचं आणि ते काकूंना दिसलं असणार कारण एक दिवस ठाण्याला सीट मिळाल्यावर त्यांनी मला बाजूला बसवून विचारलं, ती मध्ये का थांबायची गं तुझी आजी?

आणि मला तोपर्यंत कधी हा प्रश्नच पडला नव्हता. मी सांगायला लागले, एका हाताने खुंटा धरून ती जातं ओढायची, दुसरा हात टोपलीत, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. मूठ. ती मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात टाकायला थांबायची. थोडी नाचणी असली तर कमी वेळ, बोटांतून सांडायला लागली तर जास्त. तो थांबा गाण्याचा नव्हता, कामाचा होता, आणि मी तो चालीसकट तसाच उचलला होता.

काकू म्हणाल्या, मग ती मूठ आहे, ती कापायची नाही.

ताईने त्यावर मार्ग काढला आणि तो मला आजही फार हुशारीचा वाटतो. तिने ओळीच्या मध्ये आठ मात्रांचं अख्खं एक आवर्तन रिकामं सोडलं. ढोलकी बंद, टाळ बंद, गाणं बंद, फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकच टाळ, एकीनेच वाजवायचा, आणि बाकी सात मात्रा त्याचा नाद विरेपर्यंत थांबायचं, मग पुढची अर्धी ओळ. वहीत सगळ्यांनी त्या जागी एक छोटा गोल काढला आणि वर लिहिलं, मूठ. काकूंच्या वहीत त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, डोंबिवलीची आजी, नाचणी. ते वाचून मला डब्यात रडू आलं होतं.

आणि गजराची जागा बदलली. काकूंनी बोगदा माझ्या आजीला दिला. "बोगदा आला की तू धर." रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी.

त्यानंतर एक झालं, प्रत्येकजण आपापलं सांगायला लागली. आधी सांगत नव्हत्या असं नाही पण मग ते रीतीसारखं झालं, नवीन काही आणलं की आधी कुणाकडून ते सांगायचं आणि मग म्हणायचं. भाभीने तिच्या सासूचं झुलेलालचं, म्हणजे सिंध्यांच्या देवाचं, भजन आणलं, सासू फाळणीनंतर लहानपणी कराचीहून आलेली, उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीत वाढलेली, बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून चार-चार कुटुंबं राहायची आणि एका घरातून सुरू केलेलं भजन चारी घरांतून म्हटलं जायचं. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आम्ही ते म्हणायचो, शब्दांचा अर्थ भाभीने लिहून दिला होता. ठाण्याची एक मुलगी होती, वयाने सगळ्यांत लहान, तिने सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' आणला, किशोरीताई आमोणकरांनी गायलेला. तिचे बाबा रविवारी सकाळी ती कॅसेट लावायचे आणि ती संपेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. ती म्हणाली मी म्हणू शकत नाही, तसं कोणालाच म्हणता येणार नाही, मी फक्त सांगते. काकू म्हणाल्या, सोयराबाईला तरी तसं म्हणता येत होतं का, ती आपल्यासारखीच संसारातली बाई, आपण आपलं म्हणू. आणि एक साधी चाल लावली. एप्रिल २०१७ मध्ये किशोरीताई गेल्या त्या आठवड्यात आम्ही तो रोज म्हटला आणि ठाण्याची रोज टाळ न वाजवता नुसती बसून राहिली.

सगळ्यांना आमचं भजन आवडायचं असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी करून येणाऱ्या नर्सेस असायच्या, त्यांना झोप हवी असायची. कल्याणची एक सीए करणारी मुलगी पुस्तक उघडून उभी असायची, तिने एकदा स्पष्ट सांगितलं आणि तिची परीक्षा होईपर्यंत आम्ही ठाण्यानंतरच सुरू करत होतो, टाळ न घेता. मला वाटतं हे बरोबरच केलं. डबा सगळ्यांचा आहे.

२२ मार्च २०२० च्या रात्री लोकल बंद झाल्या. पहिल्यांदा आम्ही व्हिडिओ कॉलवर करून बघितलं आणि ते होऊच शकत नाही, प्रत्येकीचा आवाज दुसरीला उशिरा पोचतो, टाळ एकापाठोपाठ एक पडत राहतात, ताई ढोलकी वाजवायची आणि आम्ही सगळ्या तिच्या मागे धावतोय. दोन दिवसांत सोडून दिलं. मग काकूंनी व्हॉइस नोट सुरू केली. रोज एकीने पाठवायचं, आधी कुणाकडून आलं ते आणि मग एक अभंग. मी माझा बाथरूमचं दार लावून केला, बोगद्याच्या जवळपास जाणारी घरात तेवढीच जागा होती. मुठीच्या जागी मी आठ मात्रा मोजून गप्प राहिले. संध्याकाळी एकेकीचे मेसेज, मुठीला मी इथे टाळ मारला, मी कुकरच्या झाकणावर चमचा मारला, मी पण.

काकू सरकारी ऑफिसात, त्यांना जूनमध्ये लोकलची परवानगी मिळाली, आम्हाला नाही. ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना मिळाली पण सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर, ऑफिसच्या वेळेला त्याचा काय उपयोग. तर काकू एकट्याच जायच्या यायच्या, मोकळ्या डब्यात, खिडकीत. आणि ३१ डिसेंबर २०२० ला त्या रिटायर झाल्या. इतकी वर्षं त्या गाडीने गेलेली बाई, आणि शेवटच्या दिवशी सोबत मंडळातली एकही नाही. आम्ही तर ठरवून ठेवलं होतं, साडी, पेढे, डबा सजवायचा, त्यातलं काहीच झालं नाही. त्या सकाळी ग्रुपवर त्यांची व्हॉइस नोट आली. एक मिनिट वीस सेकंद. त्यात गाणं नाहीये. गाडी बोगद्यात शिरते तो आवाज, मग नुसता बोगदा, बराच वेळ, आणि मध्ये एकच टाळ. मग बोगदा, आणि उजेडात आल्यावर आवाज बदलतो तो. एवढंच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली आणि आम्ही परत आलो. भाभीने नोकरी सोडली होती, दोघी-तिघींचं ऑफिस घरूनच चालू राहिलं. आम्ही पाचजणी उरलो, मास्क लावून, हळू आवाजात. आणि जानेवारी २०२२ मध्ये पाचव्या-सहाव्या लाईनच्या कामात मार्ग बदलले, आमच्या फास्ट गाड्या मुंब्र्याकडून जायला लागल्या आणि पारसिकचा बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला. तसं चांगलंच झालं, लाईन मोकळी झाली. पण पहिल्या दिवशी दिवा गेल्यावर मी टाळ सावरून बसले आणि गाडी उजेडातच चालत राहिली, उजवीकडे खाडी, डावीकडे मुंब्रादेवीचा डोंगर, आणि ठाणं आलं. आजीचा अभंग मी धरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याची जागाच राहिली नव्हती, आणि मग तो मागेच पडला, कोणी काढला नाही, मीही नाही. ते एक मिनिट वीस सेकंद मात्र मी फोनमधून काढून अजून दोन ठिकाणी कॉपी करून ठेवलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ४ ऑक्टोबरला, डब्याची पूजा होती. दरवर्षीसारखी झेंडूची तोरणं, दारांना आंब्याचे डहाळे, मोटरमनला नारळ आणि पेढे. काकू खास त्यासाठी आल्या, तीच पिशवी, तेच फडक्यातले टाळ. खिडकी त्यांची होती, कोणी बसलंच नव्हतं तिथे. विठ्ठलवाडीला जप सुरू झाला असं ताईने सांगितलं, मी डोंबिवलीला चढले तेव्हा दुसरा अभंग चालू होता. दिवा गेलं. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तयार राहा. मग खिडकीबाहेर बघितलं, मग परत माझ्याकडे.

"अगं, बोगदा?"

"आता इकडूनच जाते गाडी, काकू."

त्या काही बोलल्या नाहीत. मुंब्रा स्टेशन न थांबता गेलं, खाडी दिसायला लागली, रेतीबंदरचं पाणी सकाळच्या उन्हात पांढरं झालेलं. त्यांनी एक टाळ माझ्या हातात दिला, एक स्वतःकडे ठेवला आणि म्हणाल्या, "मग उजेडात धर."

मी धरलं. घसा बसलेला होता आणि काही झाकायला आवाज नव्हता, पंख्याखालच्या बायका, दारातल्या बायका, तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धी बसलेली ती कोण मुलगी, सगळ्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात होता. मुठीपाशी आले आणि थांबले. काकूंनी एक टाळ मारला. बोगद्यात तो कधीच पूर्ण ऐकू आला नव्हता मला, आज पहिल्यांदा कळलं की त्याचा नाद सातव्या मात्रेपर्यंत खरंच टिकतो. मग दुसरी अर्धी ओळ सगळ्यांनी उचलली.

ठाण्याला गाडी थांबली तेव्हा आमचं अजून चालूच होतं. ठाण्याची चढली, गर्दीत तिचा नुसता हात वर दिसत होता, दारातूनच तिने ओळ झेलली आणि झेलत झेलत आत आली.